धामापूरच्या वळणावरचे नऊ सेकंद

धामापूरच्या वळणावर मोबाइलमधला दाजीचा आवाज तुटला. "जानके, त्या दिवशी तू फोनार म्हणालंस..." एवढं जानकीबाईंना स्वच्छ ऐकू आलं आणि मग कानात काहीच उरलं नाही. एसटी तळ्याच्या अंगाने उतरत होती, कंडक्टर मागच्या बाजूला कुणाशी तरी हुज्जत घालत होता, पुढच्या बाकावरच्या बाईच्या टोपलीतून अबोलीच्या वळेसरांचा ओला वास येत होता. जग जागच्या जागी होतं, फक्त भाऊ नव्हता. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेल्या त्या बाईला न बोलण्याचे प्रकार ठाऊक होते. माणूस विचार करत असला की तारेत त्याचा श्वास राहतो. माणूस रडू आवरत असला की तोंड फोनपासून लांब गेल्याचं कळतं. तार तुटली तर खरखर येते. ही शांतता त्यातली कुठलीच नव्हती. मधला तुकडा कुणीतरी कात्रीने कापून नेल्यासारखी ती होती. मग एसटी चढाला लागली आणि दाजी परत आला, पण तोपर्यंत त्याचं सांगून झालेलं होतं. "...इतक्याच. आता ठेवतंय गो, दम लागता." जानकीबाई म्हणाल्या, "बरा. उद्या गाडयेत बसतंय, परवा येतंय." आजारी भावाला भेटायला जायच्या रिझर्वेशनसाठीच त्या कुडाळ स्टेशनवर गेल्या होत्या आणि तिकीट त्यांच्या पर्समध्ये होतं. संध्याकाळी सात वाजता आनंदीवहिनीचा निरोप आला, की दाजी गेला.

त्या दिवशी म्हणजे कुठल्या दिवशी, हे त्यांना विचारावं लागलं नाही. भावाबहिणीच्या आयुष्यात असा दिवस एकच होता. त्र्याऐंशी सालचा. मालवणच्या एक्स्चेंजमध्ये तेव्हा दोऱ्यांचा बोर्ड होता. समोर भोकांच्या रांगा, हातात प्लग, डोक्यावरून हेडफोन. मुंबईचा ट्रंक कॉल कोल्हापूर, कणकवली असा एकेका बाईच्या हातून पुढे सरकत यायचा, आणि पुढची बाई "घेतला" म्हणेपर्यंत मागची आपला प्लग काढत नसे. असं कुठे लिहिलेलं होतं की नाही कोण जाणे, पण काढत नसत. तारेत आवाज बारीक आला तर मधली बाई स्वतःच्या तोंडाने इकडचं तिकडे सांगायची, "ते म्हणताहेत मुलगी झाली, वजन सहा पौंड," आणि सांगताना आपणही हसायची. त्या दिवशी दुपारी गावाहून, देवबागच्या पोस्टातून कॉल आला, तो जानकीनेच घेतला. पोस्टमास्तर म्हणाले, "कोण, जानकी? अगो, तुझो बापूस गेलो." तिच्याबरोबरची बाई रजेवर होती. बदली बाई चारच्या गाडीने कुडाळहून यायची होती. अडीच वाजता दाजीचा अर्जंट कॉल लागला. मुंबईत गोदीच्या ऑफिसात उभा राहून तो विचारत होता, "बाबा कशे आसत?" आणि तेहेतीस वर्षांची जानकी बोर्डासमोर ताठ बसून म्हणाली, "बरे आसत. तू ये. माझी चारांक सुट्टी जाता, मगे घराक जातंय." तो एकटाच रात्रभर एसटीतून येणार होता, त्याला हे ओझं घेऊन यायला लागू नये, एवढंच तिच्या मनात होतं. पण दुसऱ्या दिवशी तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. वाडीतल्या जाणत्यांनी थांबायला नकार दिला होता. दाजीने अंगणात पिशवी ठेवली, बहिणीकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. पुढे सत्तावीस वर्षं तो सगळं बोलला, थट्टा केली, भांडला, तिच्या निवृत्तीला मुंबईहून साडी घेऊन आला. त्या एका गोष्टीवर मात्र बोलला नाही. आणि बोलला तेव्हा धामापूरचं वळण आलं.

मुंबईला त्या पोचल्या तेव्हा तिथेही सगळं आटोपलेलं होतं. आनंदीवहिनी त्यांच्याशी तुटकपणे वागली. चहा पुढे केला, पण डोळे वर केले नाहीत. जानकीबाईंनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. दाजीने शेवटी जे बोलून दाखवलं ते वहिनीनेही ऐकलंय. फोन तिनेच त्याच्या तोंडाशी धरला होता. म्हणजे तो जे म्हणाला ते तसलंच असणार. तेराव्यानंतर त्या परतल्या आणि मालवणातल्या भरडावरच्या घरात एकट्या राहू लागल्या. एकट्या तशा त्या आधीही होत्या. पण आता भांडी घासताना, दारातल्या तगरीची फुलं काढताना, ते अर्धं वाक्य त्यांच्या मनात उभं राही आणि त्या त्याला शेवट लावीत. 'त्या दिवशी तू फोनार म्हणालंस ता माका आजून टोचता.' 'म्हणालंस ता खोटा म्हणालंस.' 'म्हणालंस म्हणान माका बाबांचा तोंड बघूक गावला नाय.' प्रत्येक शेवट दाजीच्या आवाजात हुबेहूब बसत असे. आवाज ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता, त्याचा असा त्रास होईल असं कधी वाटलं नव्हतं.

गणपती झाल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी, संजना आली. अठ्ठावीस वर्षांची, बारीक, केस कापलेले, पाठीवर संगणकाची जड पिशवी. एका मोबाइल कंपनीची अभियंता. मूळ वेंगुर्ल्याची, वाढलेली पुण्यात. तीन महिन्यांसाठी खोली हवी होती. काम काय, तर मालवण ते कुडाळ जीपने जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. जानकीबाईंना आधी वाटलं, ही थट्टा करतेय. पण ती खरंच रोज सकाळी नवाला ड्रायव्हर बाबलीच्या जीपमध्ये बसायची, मांडीवर संगणक, त्याला जोडलेले तीन फोन, टपावर छोटी अॅन्टेना, आणि दुपारी उन्हाने लाल होऊन परतायची. कुडाळच्या एका धर्मादाय ट्रस्टने गावोगाव फिरणारी एक गाडी काढली होती. छातीत दुखणाऱ्या माणसाचा हृदयाचा आलेख गाडीत काढायचा आणि गाडी कुडाळच्या वाटेवर असतानाच तो मोबाइलवरून डॉक्टरांना पाठवायचा, म्हणजे पोचेपर्यंत तयारी होते. सगळीकडे ते नीट चालायचं. फक्त धामापूरच्या वळणावर आलेख अर्धवट तुटायचा आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून पाठवू लागायचं. देवबागच्या काशीबाईचा आलेख तिसऱ्या खेपेला पोचला, तोवर गाडीच दवाखान्याच्या दारात उभी राहिली होती. म्हातारी वाचली. पण संजनाला ती गोष्ट डाचत होती. "वाचली ती तिच्या नशिबाने, मावशी," ती म्हणाली. "आमच्यामुळे नाही."

धामापूरचं वळण म्हटल्यावर जानकीबाईंच्या हातातली पळी थांबली. त्या दुपारी त्यांनी कुळथाची पिठी आणि भात वाढला आणि जेवण होईपर्यंत कळ काढली. मग म्हणाल्या, "तिथे नक्की काय होतं, ते मला समजेल असं सांगशील?"

संजनाने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दोन टॉवर काढले. एक नेरूरपारचा, एक चौक्याच्या सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या पठारावरचा. मध्ये गाडी. "गाडीतला फोन आधी ह्याच्याशी जोडलेला असतो. वळणावर डोंगर आडवा येतो, ह्याची ताकद कमी होते, मग फोन त्याच्याकडे जातो. बोलणं चालू असेल तर बोलणं हस्तांतरित होतं. माहिती येत-जात असेल तर तिचे बारीक तुकडे केलेले असतात, प्रत्येकाला नंबर असतो. फोनला तुकडा मिळाला की तो पोचपावती पाठवतो. पावती येईपर्यंत जुन्या टॉवरने तो तुकडा आपल्याकडे सांभाळून ठेवायचा."

"आणि फोन दुसऱ्याकडे गेला तर? जे सांभाळलंय त्याचं काय?"

"मावशी, हाच प्रश्न आहे. माझ्या साहेबांनी अजून हा प्रश्न विचारलेला नाही." संजनाने पेन्सिल जुन्या टॉवरवर टेकवली. "त्याला वरून आदेश येतो. दोनच पर्याय आहेत. तुझ्याकडचं उरलेलं नव्या टॉवरकडे पाठव, किंवा फेकून दे. दोन्ही टॉवर एकाच नियंत्रकाच्या, म्हणजे त्यांना चालवणाऱ्या यंत्राच्या, हाताखाली असतील तर पाठवता येतं. हे दोन वेगवेगळ्यांच्या हाताखाली आहेत असं मला वाटतंय. म्हणून फेकतो."

"फेकता?" जानकीबाईंच्या तोंडून मालवणीच आलं. "लोकांचा फेकता?"

"नियमाने फेकतो."

रात्री अंथरुणावर पडल्यावर जानकीबाईंना राग आवरत नव्हता आणि त्याचबरोबर कसलंसं कौतुकही मनात दाटत होतं. कुणीतरी, कुठल्या तरी देशात, टेबलाशी बसून हा विचार केला होता, की माणूस चालता असेल, वाटेत डोंगर येईल, आणि त्याचं अर्धं पोचलेलं आणि अर्धं वाटेत असेल. तर त्या वाटेतल्याचं काय करायचं? नंबर घालायचे. सांभाळायचं. पावतीची वाट बघायची. पुढच्याच्या हातात देऊन मगच मोकळं व्हायचं. बोर्डासमोरच्या त्या आठदहा बायका, कणकवलीची, कोल्हापूरची, ज्यांची तोंडं आपण कधी पाहिली नव्हती आणि आवाज अजून कानात होते, त्यांनी हेच केलं होतं. त्या बायका गेल्या, बोर्ड भंगारात गेला, आणि ती रीत मात्र कुणी न सांगता या लोखंडी मनोऱ्यांपर्यंत कशी पोचली, याचं त्यांना नवल वाटलं. आणि ही पोरगी. ही वेंगुर्ल्याची पोरगी एका वळणावरच्या नऊ सेकंदांसाठी रोज साठ किलोमीटर ऊन खाते. आपल्या वेळी कुणी अशी आली असती तर आपण तिला बोर्डाजवळच्या खुर्चीवर बसवलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या जीपमध्ये बसल्या. संजनाने कारण विचारलं नाही. बाबली हसून म्हणाला, "बाय, तुमका गाडी लागात." त्यांनी कारकुनी वही काढली आणि जुन्या सवयीने रकाने आखले: जाता, येता, लाइन गेली, लाइन आली. संजनाचा संगणक आपली नोंद करत होता. पण एका फोनवर सतत आकडे मोजणारी ध्वनिमुद्रित बाई बोलत राहील अशी सोय तिने केली होती, ती जानकीबाई कानाला लावून बसत. परतताना नेरूरपारचा पूल मागे पडे, काळसं जाई, रस्ता झाडीत शिरे. तळ्याचं पाणी पानांतून दिसू लागलं की त्यांच्या पाठीचा कणा ताठ होई. तीनशे बारा, तीनशे तेरा, आणि मग ती कापून नेलेली शांतता. पहिल्या दिवशी त्यांनी डोळे मिटून घेतले. दहाव्या दिवशी त्या हातातल्या घड्याळावर नजर ठेवून बसू लागल्या. विसाव्या दिवसापर्यंत त्या जागेची भीती त्यांच्या मनातून बरीचशी गेली होती. उरलं होतं ते काम, आणि काम त्यांना येत होतं. त्यांच्याच लक्षात आलं, की कुडाळहून मालवणला येताना तुकडा जास्त मोठा पडतो आणि जाताना लहान. संजनाने संगणकात पाहिलं, तर तसंच होतं. "मावशी, तुम्ही आमच्याकडे का नाही नोकरीला?" ती म्हणाली, आणि जानकीबाई दिवसभर उगीच लहान मुलीसारख्या खूश होत्या.

नोव्हेंबरात एकदा परतीच्या वाटेवर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि बोलणं? बोललेलं कोण सांभाळतं?"

"बोललेलं कुणीच नाही सांभाळत," संजना संगणकातून मान वर न करता म्हणाली. "आवाज उशिरा पोचून उपयोग नसतो, म्हणून हरवला तर हरवला. माहितीचं तसं नाही. टॉवरने फेकली तरी मूळ पाठवणाऱ्याकडे ती असतेच. पावती आली नाही म्हटल्यावर तो पुन्हा देतो. उशीर होतो, पण मिळते."

बाबलीने गियर बदलला. जानकीबाई रस्त्याकडे पाहत होत्या. पाठवणारा गेला होता. पण तो फोन हातात धरून कुणीतरी बसलं होतं. नऊ महिन्यांत हे आपल्याला सुचलं नाही असं थोडंच होतं? सुचलं होतं. आनंदीवहिनीला विचारायचं धाडस नव्हतं, एवढंच. मनातल्या मनात लावलेले शेवट कितीही कडू असले तरी ते आपले होते. तिने सांगितलेला शेवट बदलता आला नसता. आणि आणखी एक गोष्ट त्या रस्त्यावर त्यांना पहिल्यांदा जाणवली. आपल्या बाजूने वहिनीला काय ऐकू गेलं होतं? दाजीने आयुष्यभराचं बोलून टाकलं, आणि त्यावर आपण म्हणालो, "बरा. उद्या गाडयेत बसतंय."

तरी त्यांनी लगेच फोन केला नाही. संजनाचं काम अडलं होतं आणि त्या कामाआड त्यांना लपता आलं. कोल्हापूरच्या ऑफिसातले साहेब ऐकत नव्हते. टॉवर एका नियंत्रकाखालून दुसऱ्याखाली हलवायचा म्हणजे दोन विभागांच्या सह्या. त्यापेक्षा तुमच्या जीपमधलं यंत्रच बिघडलेलं असेल, असं त्यांनी कळवलं. संजना त्या दिवशी जेवली नाही. पडवीत गुडघ्यांत डोकं घालून बसली. जानकीबाई आत गेल्या, आपली वही आणली आणि तिच्यासमोर ठेवली. बेचाळीस दिवस, चौऱ्याऐंशी फेऱ्या, प्रत्येक फेरीची वेळ, हाताने लिहिलेली. "तुझं यंत्र बिघडलं असेल," त्या म्हणाल्या, "माझा कान नाही बिघडला. पाठव ही." संजनाने पानांचे फोटो काढून पाठवले. आठ दिवसांनी साहेबांचा फोन आला. यंत्राच्या आणि वहीच्या वेळा सेकंदाला सेकंद जुळत होत्या. ही नोंद कुणी ठेवली, असं ते विचारत होते. संजना म्हणाली, "मालवण एक्स्चेंजच्या सिनियर ऑपरेटर आहेत," आणि फोनवर हात ठेवून मोठ्याने हसली.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चौक्याचा टॉवर नेरूरपारच्या नियंत्रकाकडे गेला. जागचा कुणी हलला नाही, एकही खिळा निघाला नाही. कुठल्या तरी खोलीत कुणीतरी एक ओळ बदलली. सकाळी तिघं निघाले, कुडाळ गाठलं आणि परत फिरले, कारण येतानाच तुकडा मोठा पडायचा. संजनाने काशीबाईचाच जुना आलेख पाठवायला लावला होता. फोनच्या पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू भरत होती. पूल गेला, काळसं गेलं. झाडी आली. बाबलीने न सांगता गाडी थोडी हळू केली. पाणी दिसलं. पट्टी जराशी अडखळली, विचार केल्यासारखी, एक, दोन, आणि पुढे सरकली. काहीच झालं नाही. वळण संपलं, चढ लागला, उन्हात सडा दिसू लागला आणि पट्टी भरली. कुडाळहून डॉक्टरांचा संदेश आला: आलेख पूर्ण. बाबली म्हणाला, "झाला? इतक्याच?" संजना तोंडावर ओढणी धरून रडत होती. जानकीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पोरीच्या पाठीची हाडं हाताला लागत होती. इतकं मोठं काम, आणि यशाची खूण म्हणजे काहीही न घडणं. यापुढे हजारो माणसं इथून जातील आणि इथे एक पोरगी तीन महिने झगडली हे कुणाला कळणारही नाही. आपल्या कुठल्याही कामाचं त्यांना इतकं अप्रूप वाटलं नव्हतं.

त्याच दुपारी घरी येऊन त्यांनी मुंबईचा नंबर लावला. ओटीवरच्या जुन्या, तारेच्या फोनवरून.

"वयनी, जानकी बोलतंय. तुका एक विचारूचा आसा." मग त्यांनी सरळच विचारलं, "दाजीन त्या दिवशी फोनार माका काय सांगितल्यान?"

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास होता. मग आनंदीवहिनी म्हणाली, "असा काय विचारतंस? तू आयकलंस मा. नि 'बरा' म्हणालंस. इतक्या ह्येनी दम खावन सांगितला, नि तू नुसता 'बरा'! माका तेवा इतको राग इलो तुझो, अजून जावक नाय."

"माका आयकाक येवक नाय, वयनी. मी एसटीत होतंय. 'त्या दिवशी तू फोनार म्हणालंस', इतक्याच आयकलंय. फुडला सगळा गेला."

"अरे देवा," आनंदीवहिनी म्हणाली. आणि पुन्हा, अगदी हळू, "अरे माझ्या देवा."

मग तिने सांगितलं. मध्येच थांबून, आठवून, नवऱ्याचे शब्द त्याच्याच क्रमाने लावत. "हे म्हणाले, त्या दिवशी तू फोनार म्हणालंस, बाबा बरे आसत. तेवाच माका कळला ते गेले. तुझ्या आवाजावरना कळला. पण तुका चारांपर्यंत थंय एकट्याक बसाचा होता. मी रडलय आसतंय तर तू खुर्चयेर बसलं नसतंस. म्हणान मी गप ऱ्हवलय. ता सांगूचा ऱ्हवान गेला, इतक्याच."

जानकीबाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. त्या खुर्चीवर बसल्या नव्हत्या, उभ्याच होत्या, आणि आता भिंतीला टेकल्या. सत्तावीस वर्षं त्या समजत होत्या, की त्या दुपारी दीड तास आपण एकट्याने भावाला सांभाळलं आणि तो चुकीचा सांभाळला. गोदीच्या ऑफिसात तो रिसीव्हर हातात घेऊन उभा होता आणि तो बहिणीला सांभाळत होता.

"जानके," आनंदीवहिनी म्हणाली. "आसंस मा?"

"आसंय."

"आता आयकलंस मा सगळा?"

"आयकलंय, वयनी," जानकीबाई म्हणाल्या. "सगळा आयकलंय."

दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.